डालग्याखालची पाखरं

लिंगायताच्या घरात कोंबड्या! जळकोटात कुणीही ऐकलं की तोंडात बोटं घालायचं. पण लातूर जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराला दुष्काळ असा काही पडला, की सापसुद्धा ओलाव्यासाठी घरात शिरू लागले. मग कमलम्माच्या मुलानं, शिवमूर्तीनं, उदगीरहून सहा गिनी कोंबड्या आणल्या. खायला नव्हे हो, राखणीला!

"अव्वा, आफ्रिकेच्या रानातली जात हाय. तिकडं कळपानं भुईवरच चरतेत. एकीला साप दिसला की सगळ्या बोंबलतेत. अंगणात मोकळ्या सोड, बास."

आणि खरंच, पंधरा दिवसांत त्यांनी तीन साप दाखवून दिले. तरी कमलम्माला त्या ठिपकेदार पाखरांची लाज वाटायची. राखणीची असली म्हणून काय, कोंबडी ती कोंबडीच!

त्यात नातीच्या गळ्यात इष्टलिंग बांधायला मठाचे स्वामी यायचे होते. सून रुद्राणीला नऊ वर्षांनी झालेली ही पोर, कमलम्माचा जीव की प्राण. उन्हाची काहिली लागू नये म्हणून ती स्वतः पाळण्याला ओलं लुगडं बांधायची.

स्वामी वेशीत आले तशा तिनं कोंबड्या मागच्या दारी डालग्याखाली कोंडल्या. पाद्यपूजा सुरू झाली आणि मागून एकच कालवा उठला.

"कशाचा आवाज हाय हो?" स्वामींनी विचारलं.

"शेजाऱ्याची पाखरं हायेत, महाराज," कमलम्मा बेधडक खोटं बोलली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यांना आजच कंठ फुटायचा होता! मागं जाऊन तिनं डालग्यावर घोंगडं टाकलं, त्यावर गोणपाट टाकलं. अंधार झाला तशी पाखरं गप झाली. सुटले बाई, म्हणत ती पूजेला येऊन बसली.

"आणा लेकराला," थोड्या वेळानं स्वामी म्हणाले.

रुद्राणी आत गेली आणि तिची किंकाळी ऐकून सगळे धावले. पाळण्याच्या ओल्या लुगड्यावरून नाग खाली उतरत होता. पोर निळी पडली होती. जीप मिळेपर्यंत सगळं संपलं. स्वामींनी लिंग बांधलं ते पुरायच्या खड्ड्यापाशी.

माणसं पांगल्यावर रुद्राणी सासूजवळ येऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं.

"आत्याबाई, पाखरं तर वरडत हुती. मग मधीच गप कशी झाली? तुमी मागं गेला हुता न्हवं?"

कमलम्मानं वाकून सुनेचे पाय धरले.