भोकांची मोजणी

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी मी विमानतळावर भोकं मोजायच्या कामाला होते. आता हे सांगितलं की नातवंडं हसतात, पण काम जबाबदारीचं होतं. एक विमान लांब दोरीला कापडाची मोठी नळी बांधून उडायचं आणि आमचे वैमानिक तिच्यावर मशीनगनचा सराव करायचे. कोणाची गोळी कुठे लागली ते कळावं म्हणून गोळ्यांची टोकं मी आधी वेगवेगळ्या रंगांत बुडवून ठेवायची. भोकाच्या कडेला तो रंग राहायचा. नळी खाली आली की टेबलावर पसरायची, रंगवार भोकं मोजायची, वहीत लिहायची. हिरवा रंग दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा.

चूक माझीच. नळी पोकळ, गोळी एका बाजूने शिरते, दुसरीकडून बाहेर पडते. भोकं दोन, गोळी एक. बेरीज निम्मी करायची हे मला सुचलंच नाही. आठवड्याने लक्षात आलं, तोवर शंभरात बावीस लागल्या म्हणून दादाने घर डोक्यावर घेतलं होतं आणि बाकीचे वैमानिकही छाती फुगवून हिंडत होते. माझी जीभ रेटेना. वहीतल्या आकड्यांनी कोणाचं काय बिघडतंय, असं म्हणून मी तशीच मोजत राहिले.

मग निवड समिती आली. नव्या विमानाला आठ लहान मशीनगन लावायच्या की दोन मोठ्या, ते ठरवायचं होतं. समितीचे प्रमुख इंजिनिअर सगळ्या जगाकडे वजनातच बघायचे, म्हणून त्यांना किलोसाहेब म्हणत. त्यांनी फळ्यावर मांडणी केली. वजन दोन्हीकडे जवळपास तेवढंच. लहानीची गोळी नुसती टोचते, पण आठ मिळून पंधरा सेकंद पाऊस पाडतात. मोठीची एक गोळी पंख फोडते, पण सहा सेकंदांत गोळ्यांची पेटी रिकामी. शिवाय आठ म्हणजे बंदुकांच्या आठ नळ्या पुसा, आठ पेट्या भरा, आणि उंचावरच्या थंडीत त्यातली कोणती रुसेल ते सांगता येत नाही.

ज्याचा नेम चांगला त्याला सहा सेकंद खूप झाले, असं म्हणून त्यांनी माझी वही मागवली. आकडे बघून खूश झाले. वैमानिकांच्या वतीने दादा उभा होता. दोन मोठ्याच द्या, आम्हाला पुरतात, असं तो ऐटीत म्हणाला.

मी दाराशी होते. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं: दादा वर, पेटी रिकामी आणि मागे शत्रू.

"साहेब, यातली निम्मी भोकं धरू नका."

"कोणती निम्मी?"

"बाहेर पडतानाची."

किलोसाहेबांनी कापडाची नळी मागवली. एका हिरव्या भोकात पेन्सिल घातली, ती दुसऱ्या हिरव्या भोकातून बाहेर आली.

"म्हणजे माझे बावीस?" दादाने विचारलं.

"अकरा, दादा."

मागून एक वैमानिक म्हणाला की त्याच्या नावावर नऊ होते, मग साडेचार कसे, अर्धी गोळी गेली कुठे. नळीच्या तोंडातून पुढे गेली असेल, दोरी ओढणाऱ्या विमानाला विचारा, असं किलोसाहेबांनी त्याला शांतपणे सांगितलं.

आठ लहान ठरल्या आणि नवी विमानं आली. माझ्याकडची वही गेली आणि त्या आठांच्या पेट्या भरायचं काम आलं, म्हणजे शिक्षा मीच मागून घेतली होती. वैमानिक माझ्याशी बोलेनात. दादा तर घरातही आईमार्फत बोलायचा. मी शेजारीच बसलेली असायचे आणि तो म्हणायचा, "आई, तिला मीठ सरकवायला सांग."

तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी तो खऱ्या लढाईतून परतला. शेपटीला चार-पाच भोकं, तो धड. मी पंखावर चढून झाकणं उघडली. आठही पेट्यांत तळाशी थोड्याच गोळ्या उरल्या होत्या. तो खाली उभा राहून बघत होता.

"तेराव्या सेकंदाला शत्रूच्या विमानाला लागलं," तो म्हणाला.

मी गोळ्यांचा नवा पट्टा पेटीत भरायला घेतला. तो वर आला आणि पट्ट्याचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

जेवताना आईने विचारलं, आज काय झालं.

"काही नाही गं. पहिल्याच झटक्यात पळवून लावलं," दादा म्हणाला आणि हळूच माझ्याकडे बघितलं.

मी मान खाली घालून जेवत राहिले.