सूर्याकडचा वारा

जानव्याला बांधलेली किल्ली जयतीर्थरावांनी सोडवली आणि सुनेच्या हातावर ठेवली. अहल्येनं अंबाड्यातल्या पिना काढल्या. चुंबकघरात लोखंड न्यायचं नव्हतं.

"या, मामंजी. पायरी आहे."

पासष्ट साल होतं. मुलगा गेल्यावर जयतीर्थरावांनीच तिला कॉलेजात घातलं. पुढं ती बंगळूरच्या या वेधशाळेत लागली. पण तिचं काम ते आज पहिल्यांदाच पाहत होते. अंधाऱ्या खोलीत एक बारीक चुंबक धाग्यानं टांगला होता. त्याच्या आरशावरून परतलेला उजेडाचा ठिपका पट्टीवर स्थिर होता. बघता बघता तो एकदम सरकला.

"मी काही हात लावला नाही हो," जयतीर्थराव दचकून म्हणाले.

अहल्या हसली. "सूर्याकडून वारा आलाय. विजेनं भारलेल्या कणांचा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला बाहेरच्या बाहेर अडवतं. मोठा झोत आला की ते दबतं, तेवढंच इथं कळतं."

"आणि ते नसतं तर?"

"मंगळाला जवळजवळ नाहीच म्हणतात. नुकतंच यान गेलं ना शेजारून. तिथं वारा थेट हवेवर आदळत असणार."

ते बराच वेळ ठिपक्याकडे पाहत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आणखी खाली दक्षिणेतल्या वेधशाळेची जागा तू नाकारलीस. तुझे साहेब, प्राणेश, सांगत होते."

अहल्या पिना खोचत राहिली. "तुमचं पथ्य कोण बघणार?"

"अक्का येईल राहायला. अनुसूयाक्का."

"आत्याबाई? त्यांच्याशी तर तुमचं बोलणं नाही. घराच्या वाटणीवरून..."

"वाटणीवरून नव्हतं." ते खाली वाकून चपला शोधू लागले. "विधवा सुनेला कॉलेजात कशाला धाडतोस, म्हणाली होती. तेव्हापासून मी तिचा उंबरा चढलो नव्हतो. काल गेलो राजाजीनगरला."

अहल्येचा हात अंबाड्यावरच थांबला. वाटणीचं कारण तिला त्यांनीच सांगितलं होतं.

"काय म्हणाल्या?"

"आधी रडली. मग म्हणाली, सरी, बरं, येते. पण भातावर तूप मी वाढीन तेवढंच."

फाटकाशी बसवनगुडीची बस येऊन थांबली. जयतीर्थराव लगबगीनं निघाले. अहल्या जागची हलली नाही.

"पुढच्या बसनं जाऊ, मामंजी. स्वल्प बसा इथं," ती म्हणाली आणि प्राणेशांच्या खोलीकडे वळली.