बाबांना ‘थांबा’ कोण म्हणणार

आमच्या घरात देवानं तोंड मला एकटीलाच दिलंय. बाकीचे दोघं, म्हणजे माझा नवरा आणि माझे सासरे, चष्म्याच्या दुकानात दिवसभर समोरासमोर बसतात आणि संध्याकाळपर्यंत जेमतेम चार वाक्यं बोलतात, तीही गिऱ्हाइकाशी. मी मोटार चालवायला शिकवते. शेजारच्या सीटवर बसून लोकांवर ओरडणं हाच माझा धंदा, त्यामुळे घरी आल्यावर एकदम मुकं व्हायला मला जमत नाही.

रविवारी मात्र आम्ही तिघंही क्लबात असतो. गावाबाहेर गवताचं लांबलचक मैदान, पत्र्याची शेड, शेडमध्ये एकाच्या पंखाखाली दुसऱ्याचा पंख सारून दाटीवाटीनं ठेवलेली ग्लायडरं. ग्लायडरला इंजिन नसतं. इंजिन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर. तिथून निघालेला दोर मैदानभर पसरून ग्लायडरच्या पोटाला अडकवतात, आणि विंचनं तो भराभरा गुंडाळला की ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. पुरेसं वर गेलं की वैमानिक दोर सोडतो आणि वर चढणारी गरम हवा शोधत तरंगत बसतो. ते विंच मी चालवते. स्वतः कधी वर गेले नाही आणि जाणारही नाही. मला पायाखाली जमीन लागते.

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, क्लबात सगळे ‘घार’ म्हणतात. जिथे घारी गिरक्या घेतात तिथे हे हमखास पोचणार आणि बाकीचे खाली उतरून चहा पीत असले तरी हे वरच. नवऱ्यासकट निम्म्या क्लबाला त्यांनीच शिकवलेलं. क्लबाचा सगळ्यात मोठा नियमही त्यांचाच. उड्डाणाआधी कुणालाही काही खटकलं, मग तो जुना सभासद असो की नुसता बघायला आलेला पाहुणा, त्यानं मोठ्यानं ‘थांबा’ म्हणायचं. म्हटलं की सगळं थांबतं. का म्हणून कुणी वसकन अंगावर येत नाही. एकदा एका बाईंनी गवतात ससा दिसला म्हणून ‘थांबा’ म्हटलं, तर बाबांनी काच उघडून त्यांचे आभार मानले होते.

पण या वर्षी बाबांचं काहीतरी बिनसायला लागलं. एकदा उतरताना फार लांब गेले, कुंपणाला नाक लागायचंच बाकी राहिलं. एकदा उतरतोय हे रेडिओवर सांगायचंच विसरले. सत्तरी कधीच ओलांडलेली. क्लबाच्या मंडळींनी एका दुपारी माझ्या नवऱ्याला शेडच्या मागे नेलं आणि सांगितलं, आता घारीला एकट्याला सोडू नका, कुणीतरी मागच्या सीटवर हवं. नवरा मुख्य प्रशिक्षक. कुणाचं एकट्यानं उडणं थांबवायचं असेल तर ते त्यानंच सांगायचं, असा रिवाज. बाकीच्यांनी काखा वर केल्या.

त्याला सांगवेना. रोज सकाळी आरशासमोर दाढी करताना तो पुटपुटायचा, ‘बाबा, जरा बोलायचं होतं,’ आणि टेबलाशी येऊन म्हणायचा, ‘बाबा, लोणी देता?’ माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी म्हटलं, तुला जमत नसेल तर मी सांगते. तर म्हणाला, नको, त्यांचा जीव त्यात आहे, आई गेल्यावर ते त्याच्यावरच तर उभे राहिले. ते खरंच होतं. म्हणून मीही मूग गिळून बसले, आणि मला ते अजिबात मानवत नव्हतं.

त्या रविवारी आकाश लख्ख होतं. बाबांनी सकाळीच त्यांचं एका माणसाचं ग्लायडर शेडबाहेर काढलं, काच पुसली, टोपी घातली. नवरा त्यांच्यामागे मैदानभर फिरला. मी विंचकडे निघताना त्याच्या कानात म्हटलं, आज सांग. तो म्हणाला, हे एक उड्डाण होऊ दे, मग सांगतो.

विंचवर बसलं की सुरुवातीची जागा मला खूप लांब, काडेपेटीएवढी दिसते. तिकडून दिव्याची खूण आली, मी दोर हळूहळू ताणला. पुन्हा खूण आली आणि मी जोर दिला. ग्लायडर धावलं, सुटलं, वर यायला लागलं. आणि पंखांवर दोन फळ्या उभ्या राहिल्या.

ते ब्रेक. उतरताना उंची कमी करायला वैमानिक त्या फळ्या पंखातून वर काढतो. उड्डाणाआधी त्या आत घालून दांडी पुढे पक्की दाबायची असते. दांडी नीट बसली नाही की धावता धावता वारा त्यांना ओढून बाहेर काढतो, आणि मग दोर वर ओढतोय, फळ्या खाली दाबतायत. तेव्हा मी हात आखडला असता तर बाबा तिथूनच दगडासारखे खाली आले असते. मी इंजिनाला होता नव्हता तेवढा जोर दिला, एका हातानं रेडिओ ओढला आणि गाडी शिकणाऱ्या पोरांवर ओरडते तशी सासऱ्यांवर ओरडले.

‘बाबा, ब्रेक उघडेत! बंद करा!’

क्षणभर काहीच नाही. मग फळ्या आत गेल्या. ग्लायडरनं नाक उचललं, नीट वर गेलं, दोर सुटला. माझा जीव भांड्यात पडला. आणि बाबा? वरती घारी होत्या, तरी त्या बाजूला गेलेच नाहीत. एक फेरी मारून अगदी शिकवल्यासारखे, मैदानाच्या मधोमध उतरले.

मी गाडी काढून तिकडे पोचले तेव्हा ते अजून आतच बसले होते, पट्टे न सोडता. सगळे गोळा झालेले. मला वाटलं आता ते म्हणणार, दांडी जुनी झालीय, किंवा उन्हानं डोळे दिपले. ते म्हणाले,

‘पंख कुणी धरला होता?’

निघताना एक जण पंखाचं टोक धरून ग्लायडर सरळ ठेवतो. नवरा पुढे झाला. त्यानंच धरला होता.

‘फळी वर आलेली दिसली होती?’

नवरा खाली बघत म्हणाला, ‘दिसली होती. बोटभर वर होती.’

मी मनात म्हटलं, अरे कर्मा! ते वारले असते तर हा आयुष्यभर काय करणार होता?

‘मग थांबा का नाही म्हणालास?’

‘वाटलं, तुमच्या लक्षात असेल. तुम्हाला काय सांगायचं, बाबा.’

बाबांनी टोपी काढली. मला वाटत होतं ते चिडतील, आणि चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पोराच्या हातावर हात ठेवला.

‘मी विसरलो त्याचं काही नाही रे. माणूस विसरतोच, म्हणून तर नियम केला. पण ज्याला तुम्ही थांबा म्हणू शकत नाही, त्याला एकट्याला वर सोडायचं नसतं. मी आजपासून एकटा जाणार नाही.’

नवरा तिथेच गवतात बसला आणि सगळ्यांसमोर रडला. मीही रडले, आणि रडता रडता त्याला दोन शब्द सुनावलेही. त्याशिवाय मला बरं वाटलं नसतं.

आठवडाभर बाबा दुकानात गेले, आले, नीट जेवले, पण वर बघायचे नाहीत. फूटपाथवरून चालतानासुद्धा खाली मान. मी म्हटलं, रविवारी याल ना? तर म्हणाले, बघू, सूनबाई. रविवारी सकाळी नवऱ्यानं त्यांची टोपी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. ‘मी मागे बसतो,’ म्हणाला. एवढंच. आमच्या घरात हे भाषण झालं.

दोन माणसांचं ग्लायडर लागलं. बाबा पुढच्या सीटवर, शिकाऊ बसतात तिथे, नवरा मागे. मी विंचवर. दिव्याची खूण आली, मी दोर ताणायला लागले, तोच रेडिओवर नवऱ्याचा आवाज आला. खणखणीत, पार शेडपर्यंत ऐकू जाईल असा.

‘थांबा.’

मी थांबले. मैदानभर सगळं थांबलं. मग तोच आवाज, जरा हळू, ‘बाबा, ब्रेक.’

दांडी पक्की बसवल्याचा खट्ट आवाज रेडिओतून आला. बाबा खरंच विसरले होते की त्यांनी दांडी मुद्दाम तशी ठेवली होती, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

‘आभारी आहे,’ बाबा म्हणाले. मग पुन्हा खूण आली आणि मी दोघांनाही वर ओढलं.