उजव्या हाताचा घास

त्या दिवशी सकाळीच माझं नि पिराजीचं वाजलं. कोडोलीत आमची भिंतीला भिंत. पल्याडच्या आण्णाच्या नातवाचं जावळ हुतं, सगळ्या गल्लीला चूलबंद आवतण, म्हंजी घरात कुणी चूल पेटवायची न्हाय. मी टोपी घालून ह्येच्या दारात हुबा, नि हे सोप्यात चादर घेऊन पडलेलं. म्हणं भूक न्हाय.

"भूक न्हाय तर नुसता बस," मी म्हटलं. "बसाय काय पैसं पडत्यात?"

त्येनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी आधीच फटकळ. बोलू नये ते बोललो नि एकटाच गेलो. जेवण काय गोड लागलं न्हाय. कळाय लागल्यापासनं गावातल्या हर पंगतीला आम्ही मांडीला मांडी लावून बसलेलो. त्या दिवशी शेजारी कोण तरी पावणा हुता, त्यो घास चावतबी मोबाईलवर बोलत हुता.

आदल्या साली उसाला पाणी पाजताना पिराजीच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली. पाय आला, जीभ आली, हात मातुर लोंबतच ऱ्हायला. कोल्हापुरात दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईनं बजावलेलं, चांगला हात गप ठेवा नि सगळं ह्या लोंबत्या हातानंच करा, सांडलं तर सांडू द्या. पण घरात कोण सांडू देतंय? सून गुणाची, सासरा उपाशी ऱ्हाईल म्हणून भात कालवून भरवायची. लेक कृष्णात सदऱ्याची बटणं लावायचा. मायेनं करत्यात, त्येंना काय बोलणार? हात तसाच ऱ्हायला.

एकदा तालमीम्होरच्या पंगतीला त्यो आलता. डाव्या हातानं जेवला. कोण काय बोललं न्हाय. शेजारच्या म्हाताऱ्यानं निस्ती आपली पत्रावळ वाईच पल्याड सरकवली. तेवढं बास झालं. तवापासनं पिराजीनं माणसांत जेवण सोडलं, आणि गावात जेवण सोडलं की माणसंच सुटत्यात. सांच्याला पारावर येईना. बायको विठाबाई कवाच गेलेली. दिवसभर त्यो नि भिंत.

जावळाचं भांडण डोक्यात ठेवून मी चार दिस तिकडं फिरकलो न्हाय. मग एका दुपारी गेलो तर दार आतनं लावलेलं. घरची समदी रानात भांगलणीला, तण काढाय गेलेली. मी खिडकीतनं बघितलं.

पिराजी भुईवर मांडी घालून बसला हुता. म्होरं परातीत हरभरं. डावा हात कमरंच्या पंच्यात अडकवलेला, नि उजव्या हाताची बोटं एका दाण्याभवती चाचपडत हुती. धरायचा, सुटायचा. कोपर गुडघ्यावर टेकवलं तवा कुठं हात वर आला. दाणा ओठापतूर गेला नि तिथनं खाली पडला. तसा ह्यो बाप्या लहान पोरासारखा रडाय लागला. मी हाक मारली न्हाय. माझंबी डोळं भरून आलं, खोटं कशाला बोलू.

सांच्याला परत गेलो, दुपारचं काय काढलं न्हाय. त्यो आपणहून बोलला. लेकीची पोरगी तेजस्वी, तिचं लगीन वैशाखात ठरलं हुतं.

"आक्या, नातीच्या लग्नात मी आज्जा म्हणून पंगतीला बसणार. उजव्या हातानं जेवणार, समद्यांच्या देखत. तवर मला कुठं बोलवू नगंस."

मग सुनंला त्येनं हात जोडून सांगितलं, भरवू नगंस. ती रडली. लोकं म्हणतील सासऱ्याकडं बघत न्हाय, म्हणाली. पिराजीनं ऐकलं न्हाय. हरभऱ्यावरनं भाकरीच्या तुकड्यावर आला, तुकड्यावरनं आमटीभातावर. भात रोज मांडीवर सांडायचा नि जेवण गार व्हायचं. पण ऊस तुटून बुडख्याला फुटलेलं खोडवं गुडघ्याला लागलं तवर ह्यो गडी ताट सोताच्या हातानं संपवाय लागला हुता. मांडी घालायची, कोपर गुडघ्यावर ठेवायचं नि दमानं घास उचलायचा, असं त्येला जमलं हुतं.

लगीन कोल्हापुरात, मंगळवार पेठंतल्या हॉलात. पिराजीनं नवं धोतर नेसलेलं, फेटा बांधलेला. अक्षता पडल्या. त्येनं माझा दंड धरला नि इचारलं, पंगत कुठं बसत्या?

कृष्णात म्हणाला, आबा, हितं बफे हाय. ताट घ्यायचं नि हुबं ऱ्हाऊन जेवायचं.

पिराजीनं डाव्या हातात ताट घेतलं. उजवा हात भातात घातला, उचलला. खाली गुडघा न्हवता. हात अधांतरी लटलट कापाय लागला नि घास नव्या सदऱ्यावर पडला. परत उचलला, परत पडला. मग त्येनं हॉलभर नजर फिरवली. कुणाच्या उजव्या हातात ताट नि डाव्यात चमचा, कुणी डाव्या हातानंच गुलाबजाम उचलतंय. नवऱ्याचा मामा त्यातच. कोण कुणाच्या हाताकडं बघत न्हवतं.

"आक्या, हितं निम्मी डाव्या हातानंच खात्यात की रं."

"मग तूबी खा," मी म्हटलं. "कोण इचारतंय?"

त्यो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. मग ताट घेऊन त्यो भिंतीकडं गेला नि सरळ फरशीवर मांडी घालून बसला. कृष्णात खुर्ची घेऊन पळत आला. आबा, उठा, पावणं काय म्हणतील, म्हणाला. पिराजीनं कोपर गुडघ्यावर ठेवलं नि पयला घास उचलला. मी शेजारी बसलो.

तेवढ्यात फोटोला बोलावलं नि समदी माणसं स्टेजकडं गेली, कृष्णातबी गेला. पिराजी जेवत ऱ्हायला. वरण-भात, मसालेभात, जिलबी, समदं उजव्या हातानं. ताट निपटून झालं तवा समोर उष्टी ताटं गोळा करणाऱ्या बाईबिगर कोण न्हवतं. तिनं ह्येच्याबी हातातलं ताट घेतलं नि म्होरं गेली.

येताना एस्टीत त्यो खिडकीला बसला. केर्ली मागं पडली. मग बाहीर बघतच म्हणाला,

"तू तरी बघितलंस न्हवं?"

"बघितलं की," मी म्हटलं.

वाघबीळ आलं तवा त्येनं परत तेच इचारलं.