गुडघ्यातला धातू

माझा गुडघा तुटला तेव्हा कट् असा आवाज आला. कबड्डीत आमच्या कुरुंदा गावाकडून मी चढाईला गेलो होतो. समोरच्या कनेरगाव नाका गावच्या विश्वंभरनं मागून घोटा धरला आणि त्याच वेळी बाकीच्यांनी माझ्यावर उड्या टाकल्या. मी वळलो, पाय वळला नाही.

विश्वंभर दवाखान्यात भेटायला आला. डझनभर केळी आणली आणि बोलता बोलता त्यातली चार स्वतःच खाल्ली.

"लई दुखतंय का रे मुन्ना?"

"न्हाई," मी म्हणालो, आणि बादलीत ओकलो.

नांदेडला ऑपरेशन झालं. मांडीमागची एक शीर काढून गुडघ्यात ताणून बसवली, ती निसटू नये म्हणून दोन स्क्रू मारले. घरी आल्यावर खरी मारामारी सुरू झाली. ऑपरेशन झालेला गुडघा लाकडासारखा होतो, रोज वाकवावा लागतो. तो हळुवार कसा वाकवायचा हे फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलं होतं, पण हळुवार हा प्रकार आमच्या घरात कोणी पाहिलेलाच नाही. मला पालथं पाडून वडील, म्हणजे उकंडराव, मांडीवर बसायचे. बहीण सृष्टी घोटा धरून टाच मागं रेटायची. मी उशी चावायचो. उशी संपली की ओरडायचो.

पहिल्याच दिवशी शेजारच्या शकुबाई मुसळ घेऊन धावत आल्या.

"ओ उकंडराव, काहून मारून राहिले लेकराला?"

"मारून न्हाई राहिलो. वाकवून राहिलो."

शकुबाईंनी नीट बघितलं. मुसळ भिंतीला टेकवलं, पदर खोचला. "सरक गं सृष्टे. तुझ्या हातात जोर न्हाई."

त्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या. एकही दिवस चुकवला नाही.

पुढं पायाला वजन बांधून उचलायचं होतं. आईनं हळकुंडांची पिशवी घोट्याला बांधली. थोड्या थोड्या दिवसांनी त्यातली हळकुंडं दळायला जायची आणि पिशवीत नवी यायची. त्या वर्षी पाहुणे आमच्याकडची भाजी मागून मागून खायचे.

गुडघा बरा झाला. मी पळू लागलो, उड्या मारू लागलो. फक्त त्या डाव्या पायावर वळता येईना. सरळ पळत मी वाशीमपर्यंत गेलो असतो, पण वळायची वेळ आली की कानात कट् वाजायचं आणि मी थांबायचो. डॉक्टर म्हणाले, गुडघा पक्का आहे, भीती डोक्यात आहे, आणि डोक्याचं आमच्याकडं होत नाही. चढाईला गेलेल्या माणसाला वळून परत यावं लागतं. वळता येत नसेल तर तो नुसता समोरच्यांकडं राहायला गेलेला पाहुणा.

आमचा कप्तान खेमा. त्यानं सांगून टाकलं, "बाळापूरच्या सामन्यात तुला उतरवतो. वळलास तर संघात. न्हाई वळलास तर तिथून पुढं पाणी देत जा."

आखाडा बाळापूरला समोर नेमका कनेरगाव नाका आला. सामन्याआधी पंच धम्मानंद सर सगळ्यांना रांगेत उभं करून तपासत होते. नखं कापलेली हवीत, अंगावर कडं, साखळी, अंगठी, कसलाच धातू नको. माझा नंबर आला तसा विश्वंभर पुढं झाला.

"सर, ह्याच्या गुडघ्यात स्क्रू हाय. दोन. नांदेडच्या दवाखान्यात मी एक्स-रेचा फोटो बघितलाय."

सर सज्जन माणूस. ते विचारात पडले. "अंगावर धातू नको, बराबर. पण हे अंगात हाय."

"लागलं तर आम्हालाच लागंल ना?"

"गुडघा काढून ठेवू का?" मी विचारलं.

खेमा रांगेच्या दुसऱ्या टोकाला बघत होता. तिथं त्यांचा सुदाम हसत होता, आणि हसताना त्याचा स्टीलचा दात चमकत होता.

"सर, त्याचा दात?"

"दात तोंडात हाय," सर म्हणाले. "तो बी अंगातच धरावा लागंल."

"मग दोन्ही काढा," विश्वंभर म्हणाला. इथं तो चुकला. खेमानं सुदामपाशी जाऊन नियमाची अंमलबजावणी केली. एकाच बुक्कीत. दात सरांच्या बुटापाशी पडला. सोबत एक खरा दातही आला, त्याचा नियमाशी काही संबंध नव्हता.

मग सगळं मैदान उठलं. खुर्च्या उडाल्या, मंडपाचे बांबू निघाले. सरांनी शिट्टी फुंकली, तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. शिट्टी कुठं गेली माहीत नाही, पण नंतर सर बोलले की बारीक वाजायचं. स्पीकरवरच्या माणसाला थांबा असं कोणी सांगितलं नव्हतं. "कुरुंद्याचा खेमा खोलवर! दोघं गारद! कनेरगावचा गडी रक्तबंबाळ, तरी झुंज चालू!"

मी मध्यरेषेवर एका पायावर भार देऊन उभा होतो. विश्वंभर बांबू उगारून माझ्याकडं धावत आला. डोळ्यांत रक्त उतरलेलं, खरंच उतरलेलं, भुवई फुटली होती. बांबू खाली आला आणि मी वळलो.

डाव्या पायावर. विचार न करता, गर्रकन. बांबू जमिनीवर आपटून फुटला. विश्वंभर माझ्यापुढं गेला आणि मी पाठीमागून त्याचा घोटा धरला. घट्ट धरला, सोडायचा नव्हताच. तेवढ्यात खेमा आणि अजून तिघं आमच्यावर कोसळले.

कट्.

मी आधी माझा गुडघा चाचपला. माझा नव्हता.

विश्वंभर ओरडला नाही. मीही ओरडलो नव्हतो, पहिल्यांदा ओरडता येतच नाही. तो पायाकडं बघत म्हणाला, "मुन्ना, काही न्हाई ना झालं?"

मी त्याच्या पायावर ढालीसारखा आडवा झालो. पाठीवर लाथा पडल्या, एक खुर्ची पडली. निम्म्या लाथा आमच्याच लोकांच्या होत्या. स्पीकरवर माझ्या नावानं दोन गुण जाहीर झाले.

त्याचंही ऑपरेशन नांदेडलाच झालं. तो घरी आला तसा मी कनेरगाव नाक्याला गेलो. केळी नेली, चार खाल्ली. त्याची आई मंजुषाबाई माझ्याशी बोलत नव्हती. ते बराबरच होतं. मी पिशवीतून हळकुंडं काढून ठेवली.

विश्वंभर खाटेवर पडून छताकडं बघत होता. "खरं सांग. परत वळता येतं का?"

मी उठलो, चप्पल काढली. अंगणाच्या टोकापर्यंत पळत गेलो. ह्या वेळी समोर बांबू नव्हता, आणि कानात कट् वाजलंच. तरी डावा पाय रोवला, वळलो आणि परत आलो.

तो स्वतःच पालथा झाला आणि उशी तोंडात धरली.

मी त्याच्या मांडीवर बसलो. "काकू," मी मंजुषाबाईंना म्हणालो, "टाच धरा. वरडंल. रेटत राहा."