कानाचा नंबर

"हो, येतंय ऐकू," भाऊराव म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली.

दशरथने गाडीखालून डोकं बाहेर काढलं. सकाळपासून हा तिसरा सायलेन्सर, आणि तिन्ही वेळा म्हाताऱ्याचं उत्तर तेच. डोळ्यांचा डॉक्टर भिंग बदलून 'हे बरं की ते?' विचारतो, तशी दशरथने भांडुपच्या गॅरेजात कानाच्या नंबराची तपासणी मांडली होती. पण या पेशंटला सगळीच भिंगं लागू पडत होती, आणि तिथेच दशरथला शंका आली.

गाडी लाल, दोनच सीटची, सेकंडहँड. तिची मालकीण चेतना, भाऊरावांची मुलगी. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनच्या पेशंटना भूल देणारी डॉक्टर. अशा गाड्या या गॅरेजात नेहमीच यायच्या. सायलेन्सर बदलून आवाज वाढवून घ्यायचा आणि कॉलेजच्या गेटासमोरून जायचं, एवढंच पोरांचं काम असे. चेतना आली आणि सरळ म्हणाली, "काका, मी घरी आले की दुसऱ्या मजल्यावर माझ्या पप्पांना कळलं पाहिजे. असा आवाज करून द्या."

"सायलेन्सर काढून सरळ पाइप टाक ना काका," गॅरेजचा मालक विकी म्हणाला होता. "पार विक्रोळीपर्यंत ऐकू जाईल."

"मग पयला पोलिसांकच ऐकू जायल," दशरथ म्हणाला.

मग चेतनाने सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या आईच्या स्कूटरला हायवेवर ट्रकने उडवलं. हॉस्पिटलातून घरी सात फोन आले. फोन टीपॉयवर वाजत होता आणि भाऊराव शेजारीच पेपर वाचत बसले होते. सातपैकी एकही त्यांना ऐकू आला नाही. आई तिथेच गेली. ज्या माणसाने तीस वर्षं टेलिफोन खात्यात खांबावर चढून, नुसत्या खरखरीवरून लाइन कुठे तुटली ते सांगितलं, त्याच्यावर ही वेळ आली. नशीब थट्टासुद्धा माणूस बघून करतं. तेव्हापासून चेतना घरी येईपर्यंत ते गॅलरीत कठडा धरून उभे राहत. नजर रस्त्याच्या वळणावर. तिची ड्यूटी कधी आठ तास, कधी चौदा. मागच्या महिन्यात ते उभ्याउभ्याच कोसळले, कपाळावर पाच टाके पडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे. कानाचं मशीन होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात.

दशरथने विक्रोळीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं सायलेन्सर बनवले होते. इंजिनाचा आवाज गिळायचा, हाच त्याचा धंदा. चांगल्या सायलेन्सरची तारीफ कोणी करत नाही, कारण तो आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. कारखाना बंद पडला आणि तो इथे आला, तर इथे तेच सगळं कापून काढायचं. केलेलं पुण्य स्वतःच्याच हाताने पुसतोय, असं तो हसत म्हणे. पण आवाजाची जात त्याला ठाऊक होती. वय झालं की बारीक आवाज आधी जातो, जाडा मागे राहतो. म्हणजे मोठा आवाज नको, जाडा हवा.

चेतना चहा सांगायला नाक्यावर गेल्याचं बघून दशरथने विकीला खूण केली. विकीने इंजिन बंद केलं. दशरथ भाऊरावांसमोर उभा राहिला आणि त्याने विचारलं, "आता?"

"हो. छान येतंय."

विकीला हसू फुटणार होतं. दशरथने त्याच्याकडे असं पाहिलं की ते तोंडातच राहिलं. मग तो भाऊरावांच्या बाकड्यावर बसला आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "साहेब, गाडी बंद होती."

भाऊरावांनी नजर आपल्या चपलांकडे वळवली.

"तिची सुट्टी गेली ना यात," ते म्हणाले. "नाही म्हटलं की तिचा चेहरा उतरतो, मिस्त्री. त्या फोनचं कळलं तेव्हा उतरला होता तसा. तो मला परत नाही बघायचा."

दशरथने पुन्हा त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "तिका मी काय सांगूचंय नाय," तो म्हणाला. "आणि तुमकाय आता इचारूचंय नाय. पेपर वाचा गप."

त्याने बाकडं उचलून रस्त्यापलीकडे, बंद शटरच्या सावलीत ठेवलं. भाऊरावांना गाडीकडे पाठ करून बसवलं. मग सायलेन्सरचा एक जुना लांबोडा डबा शोधून त्याच्या पोटातले आवाज अडवणारे पडदे कापले, जाड पाइप जोडला, वेल्डिंगचे टाके मारले. चेतना समोर उभी राहून बघत होती. तिचा चहा केव्हाच निवला होता.

"रेस दे. हळू," दशरथ म्हणाला.

विकीने हळू रेस दिली. आवाज फार वर गेला नाही, जमिनीलगत घुमत राहिला.

भाऊरावांनी पेपर खाली केला आणि मान वळवली. "कोण आलं?" त्यांनी विचारलं.

चेतनाने ओढणी तोंडाला लावली.

चार दिवसांनी चेतनाने दशरथला घरी जेवायला बोलावलं. ती स्वतः अजून ड्यूटीवर होती. भाऊराव गॅलरीत कठडा धरून उभे, नजर वळणावर. "बसा ना साहेब," दशरथ दोनदा म्हणाला. ते बसले नाहीत. दशरथच्या मनात धाकधूक होती. गॅरेजात आवाज पोचला, पण इथे खाली रिक्षा, भाजीवाले, शाळा सुटलेली पोरं.

साडेसहाच्या सुमाराला दशरथला सिग्नलपलीकडून तो आवाज आला. त्याने तोंड बंद ठेवलं. सांगायचा मोह फार झाला.

भाऊरावांनी डोकं किंचित तिरकं केलं, लाइनवर कान लावावा तसं. वळणावर अजून काहीच नव्हतं. त्यांनी कठड्यावरचे हात काढले, वळले आणि आत गेले. स्वयंपाकघरात गॅस पेटला, तवा ठेवल्याचा आवाज आला.

"मिस्त्री, तुम्हाला भाकरी चालते ना?" त्यांनी आतूनच विचारलं. "ती आल्यावर गरमच लागते तिला."

वळणावर लाल गाडी दिसली तेव्हा गॅलरीत एकटा दशरथ उभा होता.