म्होरक्याची आरोळी

मानसोकच्या गुडघ्यांनी दुसऱ्याच चढावर हात टेकले होते, पण सांगायची सोय नव्हती. वसंतात भाताची दारू जरा जास्त झाली तेव्हा तो गावासमोर बोलून बसला होता, "डोंगरात ज्या दिवशी मी आधी बसेन, त्या दिवशी म्होरक्याची काठी पिल्दूची!" चाळीस वर्षं रानजिन्सेंग शोधणाऱ्यांचा म्होरक्या असलेल्या माणसाने जीभ आवरायला हवी होती. आता त्याचा जोडीदार पिल्दू दर शंभर पावलांवर मागून विचारत होता.

"दादा, दमलात का?"

"दमतोय कशाला! धापा तर तूच टाकतोयस."

"मी? मी गाणं गुणगुणतोय."

सगळ्यात मागे छुन्बे, तिघांत धाकटा, म्हणजे पासष्टचा. त्याला बोलायलाही श्वास उरला नव्हता.

तिसऱ्या चढावर मानसोकच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता बसणार, काठी जाणार, आणि बायको मरेपर्यंत हसणार! तेवढ्यात त्याला वाडवडिलांचा नियम आठवला. जिन्सेंगची मुळी दिसली की तीनदा आरोळी ठोकायची. ती ऐकली की बाकीच्यांनी जिथल्या तिथे मान खाली घालून बसायचं. नजरेच्या टप्प्यातल्या सगळ्या मुळ्या आरोळी ठोकणाऱ्याच्या.

"शिंबात्ता! शिंबात्ता! शिंबात्ता!"

दोघं धपकन बसले. मग मानसोकही उकरायच्या निमित्ताने खाली टेकला. समोर नुसतं नेचं होतं. जन्मात त्याने खोटी आरोळी दिली नव्हती. लाज वाटली, पण गुडघ्यांना इतकं बरं वाटलं की लाज मागे पडली.

"दादा," पिल्दू चिरक्या आवाजात म्हणाला, "ही तुम्हाला तिथून दिसली?"

"कुठली" हा शब्द मानसोकने ओठांवरच गिळला. पिल्दूच्या दोन पायांमधे जिन्सेंगच्या लाल फळांचा झुबका डुलत होता.

"वीतभर पुढे बसलो असतो तर चेंदाच झाला असता हिचा!"

"मग? माझे डोळे काय बटणं आहेत?"

मुळी निघाली पन्नासेक वर्षांची. मानसोकचं मन त्याला खात होतं. "तिघांत वाटून घेऊ," तो म्हणाला.

"छे! नियम म्हणजे नियम. काठीचं मनात आणलं हेच माझं चुकलं. तुम्हीच खा, सगळा शीण जाईल. अशी नजर अजून दहा वर्षं तरी आमच्या पुढे हवी."

"दहा?" मानसोकचा चेहरा पडला.

"पंधरा!" छुन्बेला नेमका आत्ताच श्वास सापडला.

मानसोकने ती कडूजहर मुळी तिथेच चावून चावून खाल्ली. पोटात छान ऊब आली. गुडघ्यांना मात्र कुणी काही कळवलं नव्हतं.

आठवड्याने पुन्हा तोच डोंगर, तोच तिसरा चढ. पुन्हा खोटं ओरडायचं तरी कसं, या विचारात तो पाय ओढत होता, आणि मागून हाक आली.

"शिंबात्ता! शिंबात्ता! शिंबात्ता!"

मानसोक बसला. इतक्या आनंदाने तो स्वतःच्या लग्नातही बसला नव्हता. नियम मोडून त्याने हळूच मागे पाहिलं. पिल्दू लालबुंद तोंडाने पाय पसरून बसला होता, आणि त्याच्यापुढे नुसतं नेचं.

"मुळी कुठाय रे?"

"आधी बसायचं, मग सापडते. तुम्हीच शिकवलंत ना, दादा?"

मानसोकचे कान तापले. मग त्याला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. खाली छुन्बेने भाताच्या गोळ्यांची पुरचुंडी सोडलीसुद्धा होती.

"छुन्बे," मानसोकने हुकूम सोडला, "पुढच्या चढावर तू ओरडायचंस."